‘हॅड’चा हट्ट सोडा

महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत एक पेशंट मेलेला आहे. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ हा डॉक्टर कधीच वेळेवर येत नाही, पेशंट कधीच वाचत नाही, आणि फळ्यावर वाक्याखाली दोन रेघा ओढून नियम लिहिला जातो: भूतकाळात दोन क्रिया घडल्या असतील तर आधीची पास्ट परफेक्टमध्ये, नंतरची सिंपल पास्टमध्ये. शाळेतल्या बाईंनी हेच सांगितलं, क्लासच्या सरांनी हेच घोकून घेतलं, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनी हेच चौकटीत छापलं. आता मिनिटभराच्या व्हिडिओंतून इंग्रजी सुधारण्याची युक्ती म्हणून तेच फिरतं आहे. हा नियम ढोबळ आहे पण मुलांना पुरतो, असं म्हणून त्याला सोडून देणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. तो चुकीचा आहे, आणि ढोबळपणाचं पांघरूण घालून ती चूक झाकता येत नाही.

एका वाक्यात त्याचा निकाल लागतो. चार्ल्स डिकन्स 9 जून 1870 रोजी वारला तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही त्याची कादंबरी अर्धीच झाली होती; बारा मासिक भाग काढायचे ठरले होते, निघाले सहा. हे इंग्रजीत सांगणारा माणूस निर्धास्तपणे लिहील, ‘डिकन्स डाइड बिफोर ही हॅड फिनिश्ड द नॉव्हेल.’ यात हॅड कुठे बसलंय ते बघा. मरण्यापाशी नाही, पुरं करण्यापाशी. आणि कादंबरी तर पुरी झालीच नाही. म्हणजे जी क्रिया आधी घडली नाही, नंतर घडली नाही, कधीच घडली नाही, तिला पास्ट परफेक्ट. आणि जी खरोखर घडली तिला साधा भूतकाळ. दोन क्रियांचा नियम लावून तपासलं तर या वाक्याला लाल शाई लागेल. तपासनिसाच्या मनासारखं ‘डिकन्स हॅड डाइड बिफोर ही फिनिश्ड द नॉव्हेल’ केलं, तर लेखकाने मरणोत्तर कादंबरी पुरी केल्यासारखं चमत्कारिक वाक्य हाती येतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अपवाद असतोच. ठीक आहे, मग अपवाद मोजू या. टायटॅनिकवर वीस बोटी होत्या, त्यांत 1178 माणसं मावली असती. जहाजावर होती दोन हजारांहून जास्त. म्हणून म्हणतात, ‘इफ द टायटॅनिक हॅड कॅरिड मोअर लाइफबोट्स, मोअर पीपल वुड हॅव सर्व्हाइव्ड.’ इथलं हॅड काय आधी झालं हे सांगत नाही, काय झालंच नाही हे सांगतं. आपण ‘असत्या तर’ म्हणतो, त्यातलं ते ‘असत्या’ आहे. ‘आय विश आय हॅड नोन’ मध्येही तेच. आणि उलट बाजूने पाहा. त्याच रात्रीची हकिगत सांगताना इंग्रज माणूस म्हणेल: जहाज हिमनगावर आदळलं, पाणी आत आलं, बोटी सोडल्या, दिवे गेले, जहाज बुडालं. पाच क्रिया, एकीच्या आधी दुसरी, आणि इंग्रजीत पाचही सिंपल पास्टमध्ये. नियमाप्रमाणे त्यातल्या चारांना हॅड लावायला हवं होतं. झेलाच्या लढाईनंतर सीझरने पाठवलेला ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ हा तीन क्रियापदांचा निरोप आठवा. पास्ट परफेक्टचं काम करणारा प्लूपरफेक्ट नावाचा स्वतःचा काळ लॅटिनला होता, सीझरचं त्या भाषेवर प्रभुत्व होतं, तरी पहिल्या दोन क्रियापदांना तो जोडावा असं काही त्याला वाटलं नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने सांगितल्या की क्रम आपोआप कळतो. जगातल्या सगळ्या गोष्टी अशाच सांगितल्या जातात. ज्या नियमाला गोष्ट सांगणं हाच अपवाद वाटतो, त्याला नियम कशासाठी म्हणायचं?

मग पास्ट परफेक्ट कशासाठी आहे? हे ज्या दोघांनी सगळ्यांत नीट उलगडलं, त्या दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती, ही गोष्ट मला नेहमी दिलासा देते. डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सनने या काळाला ‘भूतकाळाच्या आधीचा काळ’ अशा अर्थाचं नाव दिलं. हान्स रायशेनबाख हा जर्मन तत्त्वज्ञ. नाझींनी 1933 मध्ये बर्लिनमधून काढल्यावर तो इस्तंबूलला आणि तिथून कॅलिफोर्नियाला गेला. 1947 च्या तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात त्याने थोड्या पानांत हा प्रश्न निकालात काढला. त्याचं म्हणणं असं की क्रियापदाचा काळ समजायला दोन क्षण पुरत नाहीत, तीन लागतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि ज्या ठिकाणी उभं राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. सिंपल पास्टमध्ये पाहणारा घटनेपाशीच उभा असतो. पास्ट परफेक्टमध्ये तो घटनेच्या पुढे, पण आजच्या मागे, कुठेतरी थांबतो आणि तिथून वळून बघतो. दुसरी क्रिया असलीच पाहिजे असं नाही. उभं राहायला जागा असली पाहिजे.

पुन्हा टायटॅनिककडे जाऊ, कारण तिथे ही जागा घड्याळात दाखवता येते. 1912 च्या 14 एप्रिलला रात्री 11.40 ला टक्कर झाली, 15 तारखेला पहाटे 2.20 ला जहाज तळाला गेलं, आणि मदतीची हाक ऐकून निघालेलं कार्पेथिया हे जहाज चारच्या सुमाराला तिथे पोचलं. ‘व्हेन द कार्पेथिया अराइव्ड, द टायटॅनिक हॅड संक.’ आपण चार वाजता कार्पेथियाच्या कठड्याशी उभे आहोत. समोर बोटी आहेत, बर्फ आहे, जहाज नाही. आता यातलं हॅड काढा: ‘व्हेन द कार्पेथिया अराइव्ड, द टायटॅनिक सँक.’ म्हणजे मदत पोचली आणि मग, तिच्या डोळ्यांसमोर, जहाज बुडालं. एक शब्द काढला आणि इतिहास खोटा झाला. इथे हॅड लागतंच, त्याला पर्याय नाही. का लागतं? ‘व्हेन’ला आधी-नंतरचं काही कळत नाही म्हणून. तो शब्द दोन घटना शेजारी नेऊन ठेवतो, कोणती कुठे ते सांगत नाही, आणि ते ओझं क्रियापदावर येतं.

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांचं तसं नाही. ते शब्द जन्मालाच क्रम घेऊन आले आहेत. आमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला दक्षिण ध्रुवावर पोचला, स्कॉट 17 जानेवारी 1912 ला. ‘आमुंडसेन रीच्ड द पोल बिफोर स्कॉट डिड.’ कोण आधी पोचला याबद्दल या वाक्यात कुणाला शंका येईल? हॅड घातलं तर चूक होत नाही, पण भरही पडत नाही. क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं 1985 चं जाडजूड व्याकरण हातात घ्या. ‘आफ्टर’ असलेल्या वाक्यात दोन्ही काळ चालतात असंच तिथे आढळेल. म्हणजे फळ्यावरच्या त्या प्रसिद्ध वाक्यात, जिथे ‘बिफोर’ ठळक अक्षरात बसलेला आहे, तिथेच हॅडची गरज सगळ्यांत कमी. पास्ट परफेक्ट शिकवायला आपण शोधून शोधून असं उदाहरण काढलं की ज्यात त्याचं काही काम नाही! ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हे निर्दोष इंग्रजी आहे. ते लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापणारा परीक्षक भाषेच्या बाजूने उभा नसतो, गाइडाच्या बाजूने असतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणही नाही. ‘डॉक्टर यायच्या आधीच पेशंट गेला.’ आपण असंच म्हणतो. ‘गेला होता’ची कुणाला आठवणही होत नाही, कारण ‘आधीच’ने काम केलेलं असतं.

आता परंपरेच्या नावाने जो दाखला दिला जातो त्याबद्दल. रेन आणि मार्टिनचं व्याकरण आपल्याकडे धर्मग्रंथाच्या जागी आहे. (यातला पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारा कादंबरीकार. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, कराचीला, तो हेडमास्तर होता. आपल्या मुलांनी ज्याचं नाव घेऊन रटाळ तक्ते पाठ केले तो माणूस स्वतः फ्रेंच फॉरिन लीजनच्या रोमांचक गोष्टी रचत होता.) पण आज दुकानात मिळणाऱ्या सुधारित आवृत्तीतसुद्धा दोन क्रियांचा मुद्दा सावधपणे मांडलेला आहे: कोणती क्रिया आधीची हे दाखवण्याची गरज पडू शकते, आणि तशा वेळी मुख्यतः हा काळ वापरतात. ‘गरज पडू शकते’चं ‘वापरलाच पाहिजे’ आपल्या क्लासांनी केलं. धर्मग्रंथापेक्षा पुजारी कडक, हे काही फक्त देवळातच घडतं असं नाही.

पण या हट्टाचं खरं मूळ पुस्तकात नाही, आपल्या जिभेवर आहे. तर्खडकरी भाषांतरमालांच्या काळापासून आपण इंग्रजी शिकलो ते शब्दाला शब्द लावून, आणि त्या जोडणीत ‘होता’ची जोडी हॅडशी लागली. व्याकरणाच्या पुस्तकात एकीकडे पूर्ण भूतकाळ, दुसरीकडे पास्ट परफेक्ट, नावंसुद्धा जुळली. फक्त कामं जुळत नाहीत. ‘दारात कोण आलंय?’ आणि ‘दारात कोण आलं होतं?’ यांत फरक काय? दुसऱ्या प्रश्नातला माणूस निघून गेला आहे. ‘मी माथेरानला गेलो होतो’ म्हणणारा परत आलेला असतो. ‘चावी टेबलावर ठेवली होती’ असं कुणी म्हटलं की ओळखावं, चावी आता टेबलावर नाही आणि घरात शोधाशोध चालू आहे. आपला ‘होता’ पुष्कळदा सांगतो की ते झालं, पण त्याचा परिणाम आता उरलेला नाही, किंवा तुम्ही तो विसरलात. मागे वळून बघण्याची जागा भूतकाळात असावी लागते अशी त्याची अट नाही. तो सरळ आजपासून बघतो. हिंदीतलं ‘गया था’ही असंच वागतं, म्हणून हा प्रकार एकट्या मराठी मुलखाचा नाही.

इंग्रजी हॅडची मात्र ती अट आहे. म्हणून ‘आय हॅड गॉन टू माथेरान लास्ट वीक’ असं ऐकल्यावर इंग्रज श्रोता थांबतो. गेला होता, कधीपर्यंत? मग पुढे काय झालं? तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो आणि आपण चहा मागवतो. कचेरीत हे जास्त नडतं. ‘आय हॅड सेंट द मेल यस्टरडे’ असं आपला माणूस अत्यंत नम्रपणे लिहितो. त्याच्या मनात मराठी ‘काल पाठवला होता’ असतं, त्यात ‘बघितलात का?’ एवढाच सौम्य अर्थ. पलीकडे वाचणाऱ्याला त्यात ‘पण तुम्ही...’ ऐकू येतं, किंवा काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. ‘यस्टरडे’ हा शब्द असताना ‘सेंट’ पुरतं. काल म्हटल्यावर वेळ ठरली, उभं राहण्याची जागाही तीच.

आणि इथे शाळेतला नियम मदत करण्याऐवजी आगीत तेल ओततो. हॅड म्हणजे ‘आधीचं’ असं एकदा डोक्यात बसलं की मुलगा विचार करतो, काल हे आजच्या आधीचं, मग हॅड. मागच्या वर्षी? हॅड. लहानपणी? मग तर हॅडच. जितकं जुनं तितकं हॅड पक्कं! पाच हजार वर्षांपूर्वीची घटनासुद्धा इंग्रजीत सिंपल पास्टमध्ये सुखाने राहते आणि पाच मिनिटांपूर्वीच्या घटनेला कधी कधी पास्ट परफेक्ट लागतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. घटना किती लांबची यावर हा काळ ठरत नाही.

इथे एक भारदस्त आक्षेप येतो, आणि त्याला मी हसून टाळणार नाही. भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, तिला तिचे नियम आहेत, लंडनच्या कानाला काय वाटतं याची फिकीर आपण का करावी? ब्रज काचरू यांनी ‘द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश’ हे पुस्तक 1983 मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हापासून या भूमिकेला विद्वत्तेचं बळ आहे, आणि तत्त्व म्हणून मला ती पटते. ‘प्रीपोन’ हा शब्द मी बिनदिक्कत वापरतो. पण मग युक्तिवाद शेवटपर्यंत न्या. ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ हे आपलं प्रमाण इंग्रजी असेल, तर त्या वाक्यात क्रिया किती आहेत? एक. आधीची कोणती, नंतरची कोणती? काहीच नाही. म्हणजे भारतीय बोलीच्या बाजूने बोलणाऱ्यालाही दोन क्रियांचा नियम टाकूनच द्यावा लागतो. फळ्यावरचा तो नियम ब्रिटिश वापराशी जुळत नाही, भारतीय वापराशीही जुळत नाही. तो कुणाच्याच तोंडच्या इंग्रजीचं वर्णन करत नाही. मग आपण शिकवतोय ते कुणाचं इंग्रजी?

दुसऱ्या टोकाचे लोकही असतात. त्यांचं म्हणणं, आता अमेरिकनसुद्धा बोलताना सर्रास सिंपल पास्ट वापरतात, मग हॅडला रजाच द्या. हे ऐकायला मोकळं ढाकळं वाटतं, पण कार्पेथियाचं वाक्य त्यांच्यापुढे ठेवा. किंवा हे घ्या: गांधीजी जानेवारी 1915 मध्ये भारतात परतले, त्याआधी त्यांची एकवीसेक वर्षं दक्षिण आफ्रिकेत गेली होती. ‘व्हेन गांधी रिटर्न्ड टू इंडिया, ही हॅड स्पेंट सम ट्वेंटी-वन इयर्स इन साउथ आफ्रिका.’ हॅड काढा, आणि गांधीजी परतल्यानंतर एकवीस वर्षं पुन्हा आफ्रिकेत! अशा जागी काळ गाळणं म्हणजे अडाणीपणा, मग तो करणारा कुठल्याही देशाचा असो. मी हॅडच्या विरोधात नाही. जिथे ते काम करतं तिथे त्याच्याइतकं नेमकं काही नाही, म्हणूनच ते जिथे तिथे उधळलेलं बघवत नाही.

हे चांगले लेखक जाणतात. इंग्रजी कादंबरीत जुनी आठवण सुरू होते तेव्हा पहिल्या एक-दोन वाक्यांत हॅड येतं, वाचक उंबरठा ओलांडून मागे जातो, आणि मग लेखक गुपचूप सिंपल पास्टवर येतो. दहा पानांची आठवण दहा पानं हॅड लावून कुणी लिहीत नाही. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र ‘द मिनिस्टर हॅड सेड ऑन मंडे’ असं पानोपानी दिसतं. बातमी बुधवारच्या घडामोडीची असेल आणि सोमवारचं विधान तिच्या मागे जाऊन दाखवायचं असेल, तर ते हॅड रास्त आहे. पण पुष्कळ वेळा बातमी सोमवारच्या विधानाचीच असते. मग वाचकाला मागे वळायला कुठून सांगताय?

राहिला शिक्षकांचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत प्रामाणिक आहे. साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला ठरलेले तास, मुलांच्या घरात इंग्रजी नाही. त्यांना रायशेनबाख कसा सांगायचा? सोपा नियम हवा. सोपा हवाच. पण सोपा आणि खोटा यांत निवड करायची वेळ आलेली नाही. मुलांना घड्याळातली एक वेळ द्या. पहाटेचे चार वाजलेत, कार्पेथिया आली. त्या वेळेपर्यंत काय काय होऊन गेलं होतं? जहाज बुडालं होतं, बोटी सोडल्या होत्या, पंधराशेच्या आसपास माणसं मेली होती. ही सगळी वाक्यं हॅडने करा. आता गोष्ट 11.40 पासून सांगा. हॅड नको. हे सातवीच्या मुलाला कळतं, आणि इथे आपला मराठी ‘होऊन गेलं होतं’सुद्धा अडथळा न बनता हात देतो. नियम म्हणून फळ्यावर लिहायचंच असेल तर एक प्रश्न लिहा: कुठे उभं राहून मागे बघतोयस? जागा दाखवता आली नाही तर सिंपल पास्ट.

हे शिकवणं अवघड होतं ते प्रश्नपत्रिकेमुळे. ‘पुढील वाक्य पास्ट परफेक्टमध्ये लिहा’ असा प्रश्न येतो आणि खाली एक सुटं वाक्य: ‘शी बॉट अ पेन.’ उत्तर, ‘शी हॅड बॉट अ पेन.’ एक गुण. पण कधीपर्यंत घेतलं होतं तिने पेन? कुणाच्या नजरेतून? सुट्या वाक्यात मागे बघायला जागाच नसते, म्हणून या प्रश्नात क्रियापदाचं रूप तेवढं तपासलं जातं. ते कधी वापरायचं हे मुलाला कळलं की नाही, ते कधीच तपासलं जात नाही. पंधरा-वीस वर्षं असे गुण मिळवलेली माणसं पुढे शिक्षक होतात, पत्रकार होतात, कचेरीत मेल लिहितात, आणि हॅड रूपाने बिनचूक, जागेने चुकलेलं, सगळीकडे पसरतं.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. सुटं वाक्य देऊन पास्ट परफेक्ट मागणं पुढच्या परीक्षेपासून थांबवा. पाच-सहा ओळींचा परिच्छेद द्या, त्यात क्रियापदांच्या जागा रिकाम्या ठेवा, आणि कुठे हॅड हवं, कुठे नको हे मुलांना ठरवू द्या. आणि ज्या मुलाने ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ लिहिलं असेल त्याला पूर्ण गुण द्या. त्याचं वाक्य बरोबर आहे.